मागच्या सीटवरचा गहिवर

आयटीतला माणूस वैतागला की पूर्वी तीन स्वप्नं बघायचा. कोकणात होमस्टे, गावाकडे सेंद्रिय शेती, नाहीतर डोंगरात कुठेतरी कॅफे. गेल्या काही वर्षांत त्यात चौथ्याची भर पडली आहे : जुन्या गाड्या रिस्टोअर करणं. रात्री साडेअकराला क्लायंटचा कॉल संपतो, झोप येत नाही, आणि यूट्यूबवर कुणीतरी शेतात 30 वर्षं सडलेली गाडी 20 मिनिटांत आरशासारखी चकचकीत करून दाखवतो. पाण्याचा फवारा फिरतो, गंजाचा लाल ओघळ वाहून जातो, मागे पियानो वाजत असतो. आपल्याला वाटतं, आयुष्य असं हवं. जिरा तिकीट नको, मॅनेजर नको, हाताला ऑइल लागावं आणि संध्याकाळी काहीतरी खरंखुरं तयार झालेलं दिसावं.

मीही हे व्हिडिओ बघतो. दोन वर्षं झाली, बहुतेक शनिवार-रविवार मी पुण्याबाहेरच्या एका गॅरेजात असतो. पुढेमागे हे काम पूर्णवेळ करायचं, हे माझं ठरलेलं आहे. त्यामुळे हा लेख या कामाच्या विरोधात नाही. या कामाभोवती आपण, म्हणजे पदवीधर, पगारदार, पांढरपेशा घरांतल्या मुलामुलींनी जे गोड धुकं पसरवलंय, त्याच्या विरोधात आहे. आपण ज्याला 'पॅशन' म्हणतो ती दुसऱ्या कुणाच्या तरी स्वस्त मजुरीवर उभी असते. ज्याला हे सेकंड करिअर करायचं आहे, त्याने आधी त्या मजुरीचा हिशोब मांडावा. तो मांडायचा नसेल तर खुशाल छंद करावा, पण त्याला करिअर म्हणू नये.

शेवटची पद्मिनी

मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदवली गेली होती. मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा आहे. त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून अधिकृतपणे बाद झाली. त्या आठवड्यात सगळ्यांचे फोन पद्मिनीच्या फोटोंनी भरून गेले. बालपण, पाऊस, मरीन ड्राइव्ह, छतावरचं फुलाफुलांचं रेक्झिन. एक युग संपलं, वगैरे.

हा सगळा गहिवर मागच्या सीटवरून आलेला होता. पुढच्या सीटवर बसून रोज 10-12 तास ती गाडी हाकणाऱ्याला विचारलं असतं, तर त्याने वेगळी यादी दिली असती. स्टिअरिंगला जोडलेल्या गिअरच्या दांड्याने धरलेला खांदा. मे महिन्यात पेट्रोलची वाफ होऊन गाडी सिग्नलला बंद पडू नये म्हणून फ्युएल पंपावर गुंडाळलेलं ओलं फडकं. एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही. त्या माणसाचं गाडीवर प्रेम नव्हतं असं मी म्हणत नाही. पण त्याच्या प्रेमात गाडीचा स्वभाव माहीत असणं होतं. आपल्या प्रेमात फक्त फोटो आहे.

रिस्टोरेशनच्या धंद्यातला पैसा नेमका या मागच्या सीटवरच्या गहिवरातून येतो. गिऱ्हाईक येतं ते आजोबांची गाडी 'जशी होती तशी' करून द्या म्हणत. ती कशी होती हे त्याला माहीत नसतं. त्याला आठवते ती लहानपणी पाहिलेली चकाकी. म्हणून कारखान्यातून बाहेर पडतानाही नव्हता इतका चकचकीत रंग मारला जातो, गुळगुळीतपणासाठी पत्र्यावर जाड लांबी भरली जाते, आणि गाडी लग्नात नवरदेवाला मिरवायला तयार होते. आत काय सडलंय हे विचारायचं नसतं.

पगारपत्रकातून बाहेर पडलेलं काम

ही गाडी मुळात कुणी बनवली? वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून फियाट 1100 डिलाइट निघू लागली आणि 1974 पासून तिला 'पद्मिनी' हे नाव मिळालं. 1089 सीसीचं इंजिन, चार दारं, आणि घ्यायची तर वर्षानुवर्षांची वेटिंग लिस्ट. ही गाडी घडवणारे हात संघटित कामगारांचे होते. त्यांना हजेरी होती, पगारपत्रक होतं, पीएफ होता, आणि युनियन होती. याच कारखान्याच्या कामगारांसाठी डॉ. दत्ता सामंत लढले. त्या युनियनबद्दल कुणाचं मत काहीही असो, एक गोष्ट मान्य करावी लागेल : पद्मिनीचा दरवाजा बसवणाऱ्या माणसाला आपल्या तासाची किंमत सांगता येत होती आणि ती मागता येत होती.

आज तोच दरवाजा पुन्हा बसवणाऱ्या माणसाला हजेरीपत्रकही नाही. तो 'डेंटर' असतो, 'चाचा' असतो, 'छोटू' असतो. काम मात्र पहिल्यापेक्षा अवघड झालेलं असतं. कारखान्यात नवा कोरा पत्रा साच्यात दाबला जायचा. इथे 40-50 वर्षं कुजलेला, तीन अपघात पाहिलेला, कुणीतरी वेडावाकडा ठोकलेला पत्रा हाताने पूर्वपदावर आणायचा असतो.

हे काम काय आहे ते सांगतो, कारण व्हिडिओत ते दिसत नाही. पत्रा ठोकला की ताणला जातो. ताणलेला भाग फुगतो, आणि तो नुसता ठोकून सपाट होत नाही, फुगवटा दुसरीकडे सरकतो. मग गॅसच्या ज्योतीने नाण्याएवढी जागा लाल करायची, हातोडा आणि डॉलीमध्ये ती आवळायची आणि ओल्या फडक्याने गार करायची. पत्रा आक्रसतो. असं शेकडो ठिकाणी. किती तापवायचं हे रंगावरून कळतं, आणि सपाटी डोळ्यांपेक्षा तळव्याला आधी कळते. आमचे उस्ताद हातात पातळ कापड धरून पत्र्यावरून हात फिरवतात आणि मला न दिसणाऱ्या उंचवट्यावर खडूने गोल काढतात. माझ्या कामात चुकलं की मागच्या कमिटवर जाता येतं. इथे जास्त तापवलेला पत्रा मागे जात नाही.

दुसरी गोष्ट. अँबॅसडर काय किंवा पद्मिनी काय, यांना जीपसारखी वेगळी चासी नसते. बॉडीचा पत्रा हाच गाडीचा सांगाडा. दरवाजाखालची पोकळ पट्टी आणि पायाखालचा पत्रा कुजला असेल आणि त्यावर नुसती लांबी भरून रंग मारला, तर गाडी फोटोत सुंदर दिसते आणि धडक बसली की घडी होते. ते कुजकं कापून, नवा पत्रा वाकवून, सांगाड्याचा तोल न ढळता जोडणं हे खरं रिस्टोरेशन. ते झाल्यावर दिसत नाही. म्हणूनच त्याचे पैसे द्यायला कुणी तयार नसतं.

85 रुपये

आता हिशोब. मी जातो त्या गॅरेजात अनुभवी डेंटरला महिन्याला 20 हजार मिळतात. हे गॅरेज वाईट नाही, पगार वेळेवर होतो, दिवाळीला बोनसही मिळतो. महिन्याचे 26 दिवस, रोज 9 तास, म्हणजे 234 तास. तासाला साधारण 85 रुपये.

खालचा पत्रा गेलेली एक पद्मिनी धरा. तिच्या पत्र्याच्या कामाला 400 तास आणि घासणं, प्राइमर, रंग मिळून 200 तास धरा. एकूण 600. तासाला 85 रुपयांनी मजुरी झाली 51 हजार. आता हाच दर 300 रुपये करू. मजुरी होते 1 लाख 80 हजार. फरक 1 लाख 29 हजारांचा. यात जागेचं भाडं, वीज, सामान, मालकाचा नफा काहीच धरलेलं नाही.

300 हा आकडा फार मोठा वाटतो का? महिन्याला तो साधारण 70 हजार होतो. आयटीत चार-पाच वर्षं काढलेला मुलगा या आकड्याला 'मार्केटपेक्षा कमी' म्हणून नोकरी बदलतो. इथे 25 वर्षं हातोडा धरलेल्या माणसाला तो देऊ म्हटलं की आपण म्हणतो, धंदा कसा परवडेल?

'भारतात रिस्टोरेशन स्वस्तात होतं' असं अभिमानाने सांगितलं जातं. स्वस्त काय आहे? रंग स्वस्त नाही, क्रोमचं काम स्वस्त नाही, बाहेरून मागवलेलं रबर तर नाहीच. स्वस्त आहे तो माणूस. आपण आपल्या पॅशनचं बजेट आखतो तेव्हा हा 1 लाख 29 हजारांचा फरक आपण त्याच्या खिशातून घेत असतो, आणि वर स्वतःच नोकरीवर लाथ मारण्याचं धाडस केलं म्हणून पॉडकास्टवर मुलाखत देतो.

यात फुफ्फुसांचा हिशोब अजून यायचाय. आजकाल गाड्यांना मारतात तो टू-के रंग, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. त्यांच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढे थोड्याशा वासानेही झटका येतो. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतो, जुन्या रंगात शिसं असतं, आणि ते काचपेपरने कोरडं घासलं की हवेत उडतं. तोंडाला बांधलेल्या रुमालाने यातलं काहीही अडत नाही. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो. अनेक गॅरेजांत मी कॉफी मशीन पाहिलंय, गिऱ्हाइकांसाठी काचेची केबिन पाहिलीय. हा मास्क फार कमी ठिकाणी पाहिला.

कमीपणा आणि गोडवा

घरी मी हे काम करणार म्हटल्यावर जे संवाद झाले ते तुम्ही ओळखू शकता. इंजिनिअरिंगला इतके लाख घातले ते गॅरेज टाकायला? लग्नाच्या बायोडेटात काय लिहायचं? एका काकांनी तर, असली कामं 'आपल्यातले' लोक करत नाहीत, असं स्पष्टच सांगितलं. त्यांचं निदान खरं बोलणं होतं. हाताने काम करणाऱ्याला गावाच्या कडेला बसवायचं आणि त्याच्या हातातल्या ज्ञानाला ज्ञान म्हणायचं नाही, ही आपली जुनी रीत. लोहाराने नांगराचा फाळ शेवटावा आणि बलुत्यासाठी खळ्यावर उभं राहावं. काम कमी लेखलं गेलं ते काम करणाऱ्याची जात बघून, हे बाबासाहेबांनी कधीच स्पष्ट करून ठेवलंय.

पण माझा जास्त राग काकांवर नाही. तो 'हाताने काम करण्यात किती शांती आहे ना!' म्हणणाऱ्या मित्रांवर आहे. काका त्या कामाला हलकं समजतात, मित्र त्याला थेरपी समजतात. त्यात डोकं लागतं, वर्षं लागतात, त्याला दर असतो, हे दोघांनाही मान्य नाही. उस्तादांना शांती मिळते का, हे कुणी विचारत नाही. त्यांना दुपारनंतर पाठ धरते, एवढं मला माहीत आहे. ज्याला सोमवारी परत एसीत जायचं असतं, त्यालाच शनिवारचा घाम पवित्र वाटतो.

आणि हे आपल्याला शिकवलंही असंच गेलं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉप असायचं. फिटिंगचा जॉब, म्हणजे लोखंडाचा तुकडा कानशीने घासून काटकोनात आणायचा. आमच्या कॉलेजात कित्येकांचे जॉब लॅब असिस्टंट बनवून द्यायचे आणि जर्नलवर सही व्हायची. जो माणूस ते खरंच करू शकत होता तो कॉलेजात सर्वांत कमी पगारावर होता, आणि ज्यांना ते येत नव्हतं त्यांना डिस्टिंक्शन मिळत होतं. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड दोन वर्षांचा आहे, बॉडी रिपेअर आणि पेंटिंगचे एक वर्षाचे ट्रेड आहेत. आपल्या ओळखीतलं कोण तिथे आनंदाने गेलंय? अमेरिकेत कॅन्ससमधल्या मॅकफर्सन कॉलेजात 1976 पासून गाड्यांचं रिस्टोरेशन शिकवतात आणि त्यात चार वर्षांची पदवी मिळते. म्हणजे हे ज्ञान अभ्यासक्रमात बसू शकतं. आपल्याकडे ते उस्तादांच्या तळव्यात आहे, आणि त्यांचा मुलगा डिलिव्हरीचं काम करतो, कारण त्यात निदान रोजचे पैसे रोज दिसतात.

नोकरी सोडून पान्हा हातात घेतलेल्यांची उदाहरणं द्यायची झाली तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव हटकून येतं. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ड्रॉइंग शिकवणाऱ्या या माणसाची बेळगावात सायकलदुरुस्तीपासून सुरुवात झाली. पुढे नांगर आले, 1910 साली किर्लोस्करवाडी आली. पण ते मनःशांतीसाठी सायकली दुरुस्त करत नव्हते. त्यांनी कामाची व्यवस्था उभी केली, आणि कामगारांसाठी वसाहत वसवली. त्यांचं नाव घ्यायचं तर एवढं सगळं घ्यावं.

कायद्याला मधलं वय माहीत नाही

आता सरकारकडे बघू. जुलै 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' ठरते. तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते, नव्या नोंदणीला 20 हजार रुपये लागतात, नोंदणी 10 वर्षं टिकते, आणि ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. दुसरीकडे, खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते. त्यानंतर फिटनेस दाखवून दर 5 वर्षांनी ती वाढवायची. 1 एप्रिल 2022 पासून कारसाठी ही फी 600 वरून थेट 5 हजारांवर गेली.

म्हणजे 15 व्या वर्षी गाडी संशयित होते आणि 50 व्या वर्षी पूजनीय. मधली 35 वर्षं तिने काय करायचं? 1990 ची पद्मिनी 2040 पर्यंत व्हिंटेज होणार नाही. जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना 'फिवा' 30 वर्षांची मर्यादा मानते. गाडी 50 वर्षं जगते ती या मधल्या काळात कुणीतरी तिला दर पावसाळ्यानंतर उघडून, गंज खरवडून, तेल देऊन जगवलेली असते म्हणून. कायद्याला संग्रहालय कळतं, भंगार कळतं. दुरुस्ती कळत नाही.

त्यात नियम म्हणतो की व्हिंटेज गाडीच्या चासीत, बॉडीत, इंजिनात मोठे बदल झालेले नसावेत. ठीक. पण कुजलेला पत्रा कापून त्याच जाडीचा, त्याच घडणीचा पत्रा बसवणं ही दुरुस्ती की बदल? हे फाइल वाचून ठरत नाही. ते गाडीखाली झोपून, जोड बघून ठरतं. आणि ते ज्याला ठरवता येतं त्याच्याकडे सही करायचा अधिकार नाही. जुन्या धुरकट गाड्यांवर बंधनं हवीतच, मी प्रदूषणाची बाजू घेत नाही. पण वर्षाला 500 किलोमीटर चालणारी, नीट ट्यून केलेली गाडी आणि रोज 200 किलोमीटर पळणारी खटारा यांना एकाच वयाच्या पट्टीने मोजणं म्हणजे मोजमापाचा आळस आहे.

मग जायचं की नाही?

जायचं. पण काही गोष्टी ठरवून.

पहिली, आपण कारागीर आहोत असा आव आणायचा नाही. 28 व्या वर्षी हातोडा धरलेल्याला 14 व्या वर्षी धरलेल्याचा तळवा येत नाही. आपल्याला जे येतं ते आणावं. बाजारातून गेलेलं दाराचं रबर मोजून, ड्रॉइंग काढून 50-100 नगांत बनवून घेणं. जळालेल्या वायरिंगचा नकाशा. गाडी उघडताना प्रत्येक भागाचा फोटो आणि नोंद. आरटीओची कागदपत्रं. आणि तासांचा चोख हिशोब. हे आपल्याला रोजच्या टाइमशीटमुळे पाठच असतं.

दुसरी, बिलात मजुरी तासांनी लिहायची, आणि कुणी केली ते नाव लिहायचं. 'डेंटिंग-पेंटिंग, एकरकमी' ही ओळ बंद. गिऱ्हाईक 600 तासांचं बिल पाहून पळालं तर पळू दे. त्याला गाडी नको होती, फोटो हवा होता.

तिसरी, पहिली खरेदी लिफ्टची नाही, हवा पुरवणाऱ्या मास्कची.

चौथी, आयटीआयची मुलं शिकाऊ म्हणून घ्यायची, स्टायपेंड देऊन. 1961 पासून ॲप्रेंटिस कायदा आहे. उस्तादांना शिकवण्याचे वेगळे पैसे द्यायचे, कारण शिकवणं हेही काम आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं : असं केलं तर धंदा चालणार नाही. शक्य आहे. मी स्प्रेडशीट मांडून बघितलंय. पहिली तीन वर्षं माझा पगार आजच्या तिसऱ्या हिश्श्यावर येतो, आणि मोठ्या गॅरेजवाल्यांच्या दराशी मला स्पर्धा करता येत नाही. पण मजुराला नीट पैसे दिल्यावर जो धंदा चालत नाही, तो आजही धंदा म्हणून चालत नाहीये. कुणाच्या तरी 85 रुपयांवर, कुणाच्या तरी दम्यावर तो ढकलला जातोय. हे माहीत असताना त्यात उतरून तीच रीत चालवायची असेल, तर आयटीत काय वाईट होतं? तिथेही वरचा बिलिंगचा आकडा आणि खालचा पगाराचा आकडा वेगळा असतो म्हणूनच आपण चिडलो होतो ना?

क्लायंटच्या आणि आपल्या आकड्यातली ती फट आपल्याला दिसली, टोचली, आणि आपण बाहेर पडायचं ठरवलं. उद्या गॅरेज आपलं असेल, तेव्हा फटीच्या वरच्या बाजूला आपण असू. सेकंड करिअरची खरी परीक्षा तिथे आहे. गाडी सुरू होणं हा फार सोपा भाग आहे.